गावातला जवान गेला तर: पहिल्या फोनपासून वर्षश्राद्धापर्यंत काय, कधी, कोणी करायचं

जवानाच्या अंत्ययात्रेला आपल्या सोलापूर जिल्ह्यात माणूस कधी कमी पडत नाही. मोहोळ असो, माढा असो, नाहीतर मंगळवेढा, फुलांची ट्रॉली अर्ध्या तासात सजते, पोरं रातोरात रस्ता झाडून काढतात. आणि चार महिन्यांनी त्याच घरातली बाई कापडी पिशवीत कागद घेऊन एकटीच सोलापूर स्टँडवर उतरते आणि ऑफिस कुठंय म्हणून रिक्षावाल्याला विचारते.

मी पलटणीत क्लार्क होतो. घरी आल्यापासून अशा सात घरांचे कागद माझ्या हाताखालून गेले. सातही ठिकाणी चुका त्याच होत्या: जे शेवटी करायचं ते आधी झालं होतं, आणि जे पहिल्या आठवड्यात व्हायला हवं होतं ते राहून गेलं होतं. म्हणून हा लेख सरपंच, ग्रामसेवक, शाळेतले गुरुजी, तरुण मंडळाची पोरं आणि भावकीतला जो कोणी शुद्धीवर असेल त्याच्यासाठी आहे. घरच्यांनी हे त्या दिवशी वाचावं अशी अपेक्षा नाही. ते काम तुमचं.

## टप्पा १: बातमीची खात्री आणि एक संपर्क माणूस

खरी बातमी युनिटकडून येते. फोन घरी येतो, नाहीतर पोलीस ठाणं, तहसील किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत निरोप येतो. पण हल्ली त्याच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप पोहोचतं. एका गावात पोराचा फोटो आणि मेणबत्ती असं स्टेटस बायकोनं स्वतःच्या मोबाईलवर पाहिलं. तोवर तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

म्हणून युनिटच्या अधिकाऱ्याशी प्रत्यक्ष बोलणं होईपर्यंत एकही पोस्ट नाही, एकही फॉरवर्ड नाही. घरात टीव्ही बंद. सांगायला दोघांनी जायचं आणि त्यातली एक बाई असावी, शक्यतो बायकोच्या माहेरची किंवा तिच्या विश्वासातली. आधी बायकोला, मग आई-वडिलांना. म्हाताऱ्यांना बीपी-शुगर असेल तर गावातल्या डॉक्टरला अंगणात बसवून ठेवा. "थोडं लागलंय, दवाखान्यात आहे" असं सांगून वेळ काढू नका. त्या खोट्या दोन तासांचा राग घरची माणसं वर्षानुवर्षं धरतात.

त्यानंतर लगेच एक संपर्क माणूस नेमा. सख्खा भाऊ नको, तो कोसळलेला असतो. कुठल्या पक्षाचा पदाधिकारीही नको. माजी सैनिक मिळाला तर सोनं, नाहीतर शिक्षक चालेल. त्याला दोनशे पानी वही द्या. पहिल्या पानावर एवढं लिहायचं: आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट, रेकॉर्ड ऑफिस, फोन करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर, घटनेची तारीख, जागा, आणि कारण सांगताना त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे.

रेकॉर्ड ऑफिस म्हणजे जवानाच्या नोकरीच्या सगळ्या नोंदी ठेवणारं कार्यालय. ते प्रत्येक रेजिमेंटचं वेगळं असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पुढं वर्षभर पत्रं तिकडंच जाणार आहेत. जवान सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफचा असेल तर ती दलं गृह मंत्रालयाखाली येतात, त्यांची वाट वेगळी. तेही पहिल्याच पानावर ठळक लिहा.

तपासा: आर्मी नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहिलाय का? ते अक्षर चुकलं की पत्र परत येतं.

## टप्पा २: पार्थिव येईपर्यंतची तयारी

बहुतेक वेळा पार्थिव विमानानं पुण्याला येतं आणि तिथून लष्करी गाडीनं हायवेनं. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर, वरती गावचा रस्ता. विमानाची वेळ, हवामान, शवविच्छेदन, यातलं काहीही लांबू शकतं. तेव्हा "सकाळी नऊला अंत्यविधी" असं स्पीकरवर सांगू नका. लोक उन्हात आठ तास बसतात आणि मग चिडचिड व्हायला लागते.

घरच्यांना आधी एकच विचारा: दहन की दफन? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न वरवरचा नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढा भागात लिंगायत घरांत दफन करतात, मुस्लिम जवानाचा दफनविधी कब्रस्तानात होतो. एका ठिकाणी गावानं उत्साहात चौथरा बांधून लाकडं रचली आणि ते घर लिंगायत निघालं. जंगम स्वामी येईपर्यंत जेसीबी लावून खड्डा काढावा लागला, तोही आईच्या डोळ्यांदेखत. उत्तर मिळालं की ते तहसीलदारांना आणि सोबत येणाऱ्या लष्करी तुकडीला कळवा.

मग जागा. स्मशानभूमी अरुंद असेल तर गावाबाहेरचं पटांगण किंवा गायरान बघतात. ते तहसीलदार आणि पोलीस निरीक्षकांना दाखवूनच ठरवा. लष्कराचा ट्रक लांब असतो, गल्लीच्या वळणावर अडकतो. त्यासाठी आदल्या दिवशी एखादा ऊसाचा ट्रक त्या वाटेनं फिरवून बघा. ट्रॉलीवर फुलांची उंच कमान करता, त्यावर झेंडा धरून पोरं उभी राहतात आणि वर महावितरणच्या तारा लोंबत असतात. वायरमनला सांगून तेवढा वेळ लाइन बंद ठेवायला लावा.

उन्हाळ्यात सोलापूर चाळीसच्या वर असतं. मंडप, दोन टँकर पाणी, एक रुग्णवाहिका, बायकांसाठी आडोसा आणि स्वच्छतागृह हे फुलांच्या आधी. बांबूचं कुंपण दोन थरांत घाला, आत फक्त घरचे, लष्करी तुकडी आणि मानवंदना देणारे.

सावध: पेटी उघडायची की नाही हे सोबत आलेल्या सुभेदाराला बाजूला घेऊन विचारा. काही वेळा देह दाखवण्याच्या अवस्थेत नसतो. "आम्हाला तोंड बघू द्या" म्हणून गावानं हट्ट धरायचा नाही. पाहायचं का, हे घरच्यांनी ठरवायचं आणि तेही बंद दाराआड.

## टप्पा ३: अंत्यसंस्कार

गाडी आली की आधी घरी. घरात फक्त कुटुंब, किमान वीस मिनिटं, दार लावून. मोबाईल बाहेर. यात कुणाचंही अपील ऐकू नका, आमदारसाहेब आले असतील तरी.

त्यानंतर मिरवणूक, पुष्पचक्रं, मानवंदना, हवेत फैरी, बिगुल. हा क्रम लष्करी तुकडी ठरवते, गावानं नाही. पुष्पचक्र वाहणाऱ्यांची यादी तहसीलदारांकडं आधीच द्या, नाहीतर तिथंच "आमचं नाव राहिलं" सुरू होतं. भाषणं ठेवूच नका. ठेवायचीच असतील तर दोन मिनिटांची आणि दोनच. बिगुल वाजत असताना घोषणा नकोत. "अमर रहे" म्हणायला वाटेत भरपूर वेळ मिळतो. फैरींच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायला पोरं धावतात, त्यांना मागं धरा. त्या तुकडीला मोजून परत न्यायच्या असतात.

आता तिरंग्याचं. सगळ्यात जास्त चुका इथं होतात, आणि त्या कायद्याच्या आहेत.

१. पेटीवर केशरी पट्टी डोक्याकडं.

२. झेंडा चितेत जात नाही, कबरीतही उतरवत नाहीत. विधीआधी तुकडी तो घडी घालून घरच्यांच्या हाती देते.

३. पार्थिवावर झेंडा पांघरण्याचा मान शासकीय, सैन्यदलांच्या आणि निमलष्करी दलांच्या अंत्यविधीलाच आहे. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यानुसार इतर ठिकाणी तो गुन्हा ठरतो. त्यामुळं पुढं कधी जवानाचे वडील वारले तर त्यांच्यावर भावनेच्या भरात तिरंगा घालू नका.

४. झेंड्यावर जवानाचा फोटो, नाव किंवा मंडळाचं नाव छापायचं नाही. त्याची झालर करून ट्रॉलीला गुंडाळायची नाही.

५. मिरवणुकीत वाटलेले कागदी झेंडे संध्याकाळी रस्त्यावर पडलेले दिसतात. वेचायला दहा पोरं नेमा.

घडी केलेला झेंडा कोणाच्या हाती द्यायचा, बायकोच्या की आईच्या? हे आदल्या रात्री घरात ठरू दे. ऐन वेळी ओढाताण झालेली मी पाहिलीय आणि कॅमेऱ्यानंही ती टिपली होती. तुकडी सहसा नोंदीतल्या जवळच्या वारसाकडं देते, पण घरानं एकमतानं सांगितलं तर ऐकते.

चार वर्षांच्या पोराच्या हाती पलिता देऊन फोटोसाठी थांबवू नका. द्यायचाच असेल तर काकानं हात धरून एकदाच.

## टप्पा ४: पहिले तेरा दिवस

राख सावडणं, चंद्रभागेला किंवा हत्तरसंग कुडलच्या संगमावर जाणं, दहावा, तेरावा ज्याच्या त्याच्या रीतीनं होईल. गावाचं काम त्याच्या आजूबाजूला आहे. भाकरी-कोरड्यास कोणत्या गल्लीतून कोणत्या दिवशी येणार याची वाटणी करा, नाहीतर पहिल्या दिवशी वीस डबे येतात आणि सहाव्या दिवशी चूल पेटते की नाही कुणी बघत नाही. जनावरांची वैरण, धारा, पाण्याची पाळी, पोरांची शाळा, या चार गोष्टींना चार नावं लावा. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका. दुःखातलं माणूस कधी सांगत नसतं.

बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं: कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये याविरुद्ध ठराव केला आणि राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. त्यामागची चळवळ आपल्याच करमाळ्याची आहे. तुमच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला असेल तर त्याची प्रत घेऊन गावातल्या दोन जाणत्या बायांनी दहाव्याच्या आधी घरी जाऊन बसावं. केला नसेल तरी जाऊन बसावं.

या दिवसांत काय करायचं नाही तेही लिहितो.

जवानाचं सिम बंद करू नका, मोबाईल फॉरमॅट करू नका. बँकेच्या नोंदी आणि डिजिटल कागद सगळे त्या नंबरला जोडलेले असतात. पण त्याचा पिन माहीत आहे म्हणून एटीएममधून किंवा यूपीआयनं पैसेही काढू नका. मृत्यूनंतरचा व्यवहार सापडला की बँक प्रश्न विचारते आणि भाऊ-भावजयीत संशय शिरतो. सवाष्ण असो, विधवा असो, कोणत्याही बाईची कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नको. जमीन, ट्रॅक्टरचं कर्ज, भिशी, कशाचाही विषय तेराव्याआधी काढायचा नाही.

आणि ट्रंक. काही दिवसांनी युनिटमधून त्याची काळी ट्रंक येते, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. सोबत सामानाची यादी असते, यादीवर सही करून घेतात. अंगणात लोकांसमोर उघडू नका. मी एका घरी यादी वाचत होतो: वर्दी दोन, बूट एक जोडी, सोलापुरी चादर एक, घड्याळ, डायरी, स्टीलचा डबा. डबा उघडला तर अर्धा भरलेला, शेंगाची चटणी. सुट्टीवरून जाताना आईनं दिलेली. त्या माउलीनं झाकण पुन्हा लावलं आणि डबा मांडीवर घेऊन बसली. यादी पुढं वाचायला मी अर्धा तास थांबलो. तुम्हीही थांबा, पण सही करण्याआधी यादी पूर्ण करा.

## टप्पा ५: कागद

इथं सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून इथं सगळ्यात जास्त लिहितो.

पहिलं, मृत्यूचा दाखला. तो गावच्या ग्रामपंचायतीत मिळत नाही. मृत्यू जिथं झाला तिथंच त्याची नोंद होते, मग ते जम्मू असो की सिलिगुडी. ग्रामसेवकाला धरून बसू नका, युनिटला दाखल्याच्या किमान दहा मूळ प्रती मागा. बँक, विमा, रेकॉर्ड ऑफिस, तहसील, प्रत्येकजण मूळ प्रत मागतो.

दुसरं, कारणाची वर्गवारी. लष्कराच्या कागदांत "शहीद" हा शब्द नसतो. तिथं बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत किंवा तशा कारवाईत) किंवा फिजिकल कॅज्युअल्टी (लढाईबाहेर) लिहिलेलं असतं आणि मृत्यू सेवेमुळं झाला की नाही हे बहुधा चौकशीनंतर ठरतं. या एका ओळीवर पुढचं सगळं उभं राहतं. लढाईतल्या किंवा तशा कारवाईतल्या मृत्यूला उदारीकृत कुटुंब पेन्शन मिळते, शेवटच्या वेतनाइतकी. सेवेमुळं पण लढाईबाहेर मृत्यू असेल तर विशेष कुटुंब पेन्शन, ६० टक्के. सेवेशी संबंध नसेल तर साधी, ३० टक्के, तीही सुरुवातीची काही वर्षं वाढीव दरानं. केंद्राचं सानुग्रह अनुदानही सातव्या वेतन आयोगानंतर कारणानुसार २५, ३५ किंवा ४५ लाख असं वेगवेगळं आहे.

अर्जात लष्कराच्या प्रमाणपत्रावरचाच शब्द लिहा. फ्लेक्सवर काहीही लिहिलेलं असू दे. वर्गवारी चुकीची वाटली तर रेकॉर्ड ऑफिसला लेखी अपील करता येतं, त्यासाठी चौकशीच्या निष्कर्षाची प्रत मागा.

थोडं आडवं बोलतो. जवान आजारानं गेला, अपघातात गेला किंवा स्वतःच जीव दिला, तर गाव एकतर "शहीद" म्हणून फुगवतं, नाहीतर कुजबुजत मागं सरतं. त्या घरालाही हेच कागद लागतात, हीच चूल थंड असते. वही तीच वापरा.

तिसरं, नावं जुळवणं. पगारपत्रक, आधार, पॅन, बँक, लग्नाचा दाखला आणि पार्ट टू ऑर्डर, सगळीकडं बायकोचं नाव एकसारखं आहे का ते एका रेघेत लिहून बघा. आपल्याकडं माहेरचं नाव, सासरचं नाव, "बाई" लावलेलं नाव अशी तीन नावं सहज निघतात. अक्कलकोटकडं कन्नड उच्चारानं स्पेलिंग आणखी एकदा बदलतं. फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र लगेच करून घ्या, आधार दुरुस्ती नंतर.

पार्ट टू ऑर्डर म्हणजे लग्न, मूल अशा गोष्टींची युनिटमध्ये लागणारी अधिकृत नोंद. जवान सुट्टीत लग्न करतो, पोर होतं, "पुढच्या सुट्टीत कागद देतो" म्हणतो. एका घरी चौदा महिन्यांची मुलगी होती आणि लष्कराच्या दप्तरी तिचं अस्तित्वच नव्हतं. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, सरपंचांचं पत्र, कंपनी कमांडरची शिफारस असं सगळं जमवून ती नोंद लागायला सात महिने गेले. घरातला कोणी आज नोकरीत असेल तर त्याला आजच फोन लावा आणि पार्ट टू लागलीय का विचारा. हे वाचून एवढं एक काम केलंत तरी पुष्कळ.

चौथं, खातं. बायकोच्या एकटीच्या नावानं आधार जोडलेलं खातं उघडा. सासऱ्याबरोबरचं जॉइंट नको, भावाबरोबरचंही नको. पगाराच्या बँकेत डिफेन्स सॅलरी पॅकेज असेल तर त्यात अपघात विमा असतो. तो आपोआप येत नाही, मुदतीत दावा करावा लागतो आणि बरीच घरं इथंच लाखो रुपये सोडतात. शाखेला लेखी विचारा, पोच घ्या.

पाचवं, नॉमिनी. आर्मी ग्रुप इन्शुरन्स, प्रॉव्हिडंट फंड, बँक, एलआयसी, प्रत्येकाचा नॉमिनी वेगळा असू शकतो. लग्नाआधी भरती झालेल्या पोरानं आई-वडिलांची नावं दिलेली असतात आणि ती तशीच राहतात. कौटुंबिक पेन्शन मात्र नियमानं आधी पत्नीला जाते. हे दोन वेगळे विषय आहेत हे दोन्ही बाजूंना पहिल्या महिन्यातच शांतपणे सांगा. न सांगितल्यामुळं "सुनेनं सगळं खाल्लं" आणि "सासूनं विमा उचलला" ही दोन वाक्यं गावात फिरायला लागतात.

अर्जांचा प्रवास असा: युनिटकडून रेकॉर्ड ऑफिस, तिथून पेन्शन मंजुरी, आणि पेन्शन "स्पर्श" या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतून खात्यात. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, जिल्हाधिकारी आणि राज्याचा सैनिक कल्याण विभाग, जो पुण्यात आहे. राज्याची मदत, मुलांच्या शिष्यवृत्त्या, वसतिगृह, वीरपत्नीचं ओळखपत्र हे सगळं या दुसऱ्या वाटेनं. दोन्ही वाटा एकदम चालू करा. एक संपली की दुसरी, असं नाही.

अग्निवीर असेल तर हिशेब वेगळा. त्याच्या कुटुंबाला नेहमीची पेन्शन नाही. विम्याचे ४८ लाख, सेवेमुळं मृत्यू असेल तर सानुग्रह ४४ लाख, उरलेल्या काळाचा पगार आणि सेवा निधी (पगारातून कापलेले आणि सरकारनं घातलेले पैसे), असं येतं. "पेन्शन कधी सुरू होणार" म्हणून त्या घरी आशा लावू नका.

सावध: "साहेबांशी ओळख आहे, दोन टक्के द्या" म्हणणारा तेराव्यानंतर हमखास येतो. यातल्या एकाही अर्जाला एजंट लागत नाही. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्स द्या आणि प्रत्येक पोच वहीत चिकटवा.

तपासा: तिसाव्या दिवशी वही उघडा. दाखल्याच्या प्रती, वर्गवारी, पार्ट टू, स्वतंत्र खातं, नॉमिनींची यादी. पाचांतलं एक जरी रिकामं असेल तर तिथूनच पुन्हा सुरुवात.

## टप्पा ६: जाहीर मदत आणि आलेला पैसा

अंत्यविधीच्या दिवशी माईकवर बऱ्याच घोषणा होतात. एक लाख, पाच लाख, मुलांचं शिक्षण, घरातल्याला नोकरी. वहीचं शेवटचं पान यासाठी राखून ठेवा: कोण, काय म्हणाले, तारीख, फोन. महिन्यानं नम्रपणे फोन करा, दोन महिन्यांनी पत्र द्या. घरच्यांनी नाही, संपर्क माणसानं. वीरमातेला कुणाच्या दारात उभं करायचं नाही. मोठा पुठ्ठ्याचा चेक देऊन फोटो काढणारे खरा चेक विसरतात, हा अनुभव आहे.

गावानं वर्गणी काढायची असेल तर थेट बायकोच्या खात्यात चेकनं. कार्यकर्त्याच्या क्यूआर कोडवर नको. बाहेरच्यांना मदत करायची असेल तर सैन्यदलांसाठी "माँ भारती के सपूत" आणि निमलष्करी दलांसाठी "भारत के वीर" ही सरकारी संकेतस्थळं आहेत. सात डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधीही याच कामी येतो.

पैसा आला की पहिले सहा महिने मोठा निर्णय नाही. ना प्लॉट, ना बोअर, ना दिराचं हॉटेल. बँकेत ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंत असतं, म्हणून ठेवी दोन-तीन बँकांत वाटा. पतसंस्थेला हे संरक्षण नाही, दोन टक्के व्याज जास्त मिळतंय म्हणून तिकडं जाऊ नका. सासू-सासऱ्यांना दरमहा काही द्यायचं ठरलं तर आकडा कागदावर लिहा, खात्यावरून द्या.

"दुसरं लग्न केलंस तर पेन्शन बंद" ही धमकी तरुण वीरपत्नीला मिळतेच. ती सरसकट खरी नाही. पेन्शनचा प्रकार आणि मुलांचा सांभाळ यावर नियम ठरतात. तिच्या नावानं रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून लेखी उत्तर मागवा आणि ते उत्तर तिच्याकडंच राहू द्या.

## टप्पा ७: वर्षभर

तेराव्यानंतर गर्दी ओसरते. जड दिवस असतात ते पहिली राखी, पहिली दिवाळी, सिद्धेश्वर यात्रेचे दिवस, पोरांचा पहिला वाढदिवस. हे दिवस वहीत आधीच लिहा आणि त्या दिवशी कोणीतरी जाऊन जेवून या. भाषण नको, हार नको.

बारीक कामं: घरपट्टी माफीचा अर्ज (माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना ती सवलत राज्यात आहे, ग्रामपंचायतीत द्यायचा), ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या कुटुंबांच्या औषधोपचाराच्या योजनेचं), शेतीची वारसनोंद तलाठ्याकडं, दरवर्षीचा हयातीचा दाखला. शेवटचा चुकला की पेन्शन थांबते आणि बाई "बंद झाली" समजून गप्प बसते.

झोप नाही, जेवण नाही, पोरांकडं लक्ष नाही, "मी तरी कशाला राहू" असं बोलणं. हे महिनोन्महिने चाललं तर देवऋषी करत बसू नका. टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलतात. वडील माणसं हे सांगत नाहीत. वडील पारावर येईनासे झाले की तेही तेच असतं.

सत्काराचं निमंत्रण देताना विचारा, गृहीत धरू नका. २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, वीरमातेला सोलापूरच्या पार्क मैदानासारख्या ठिकाणी तीन तास बसवून शाल-नारळ देऊन एसटीनं परत पाठवायचं असेल तर बोलावूच नका. गाडी पाठवा, पहिल्या अर्ध्या तासात सन्मान करा, घरी सोडा.

## टप्पा ८: स्मारक, सगळ्यात शेवटी

लोक हे पहिल्या आठवड्यात सुरू करतात. वर्षश्राद्ध होऊ द्या. तोपर्यंत पैशाची भांडणं मिटलेली असतात आणि घरच्यांना काय हवंय ते त्यांना स्वतःलाही कळलेलं असतं. एका वडिलांनी पुतळा नको म्हणून सांगितलं, शाळेत पोरांना प्यायच्या पाण्याची टाकी मागितली. मंडळ नाराज झालं. टाकी आजही चालू आहे.

१. घरच्यांची लेखी संमती, पत्नी आणि आई-वडील दोघांचीही.

२. ग्रामसभेचा ठराव. रस्त्याकडेची जागा असेल तर ती कोणाची आहे ते सातबाऱ्यावर बघा. रुंदीकरणात जाणारी जागा घेऊ नका. पुतळा असेल तर प्रशासनाची रीतसर परवानगी आधी, चौथरा नंतर.

३. देखभाल कोणाकडं, याचं नाव ठरावातच. सोलापुरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना १२ जानेवारीला, त्यांच्या बलिदानाच्या दिवशी, हार पडतात, पण धूळ रोज बसते.

४. अनावरणाला स्मारक तिरंग्यानं झाकायचं नाही. ध्वजसंहितेत स्पष्ट मनाई आहे. साधं कापड वापरा.

५. मजकूर: आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, जन्म, वीरमरणाची तारीख आणि ठिकाण. देणगीदारांची नावं वेगळ्या पाटीवर, खाली, लहान अक्षरात.

हा मजकूर दगडावर चढण्याआधी मोठ्या अक्षरात छापून घरी न्या, वहीच्या पहिल्या पानाशी ताडून बघा आणि त्या कागदावर वीरपत्नीची सही घ्या. मी पाहिलेल्या दोन स्मारकांवर युनिटचा नंबर चुकलेला आहे. एकावर आईचं नाव.